बहिणाबाईंचा वाडा आणि आपल्या घरची उतरंड

(महिला शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. व्याख्यात्या कृषिविद्या विभागात अध्यापन करतात.)



कृषिविद्या विभागातून कोणी बोलायला उभे राहिले की पेरणीचे अंतर, खताची मात्रा किंवा तणनियंत्रण असाच विषय निघणार, अशी आपली अपेक्षा असते. आज मी थोडा वेगळा विषय घेतला आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केले. आपल्या देशात २०१७ पासून १५ ऑक्टोबर हा महिला किसान दिवस म्हणून पाळला जातो. अशा निमित्ताने सत्कार होतात, भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी आपण आपापल्या कामाला लागतो. पण शेतकरी स्त्रीने आजवर शेतीत जे केले, जे शोधले, जे राखले, त्याची नोंद कोठे आहे? ती कोणी ठेवली? आणि ठेवली नाही तर आपले काय नुकसान होते? या तीन प्रश्नांवर मी बोलणार आहे.

जुन्या जळगावातील चौधरी वाडा

आपल्यापैकी पुष्कळजण केळीच्या, कापसाच्या किंवा ठिबकच्या कामानिमित्त जळगावला जातात. पुढच्या खेपेला थोडा वेळ काढून जुन्या जळगावातील चौधरी वाड्यात जाऊन या. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे हे राहते घर. आज तेथे बहिणाई स्मृती संग्रहालय आहे. बहिणाबाईंच्या घरातील रोजच्या वापरातील वस्तू आणि शेतीची अवजारे तेथे जपून ठेवलेली आहेत.

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालचा, जळगावजवळच्या असोदे गावचा. माहेरचे आडनाव महाजन. वयाच्या तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरी घराण्यात आल्या. ऐन उमेदीत वैधव्य आले. पदरी मुले, घरची शेती आणि अंगावर कामाचा डोंगर. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते, लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता त्या ओव्या रचत आणि म्हणत. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. म्हणजे स्वतःचे पुस्तक त्यांनी पाहिलेच नाही. २०१८ साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. ज्या बाईला सहीसुद्धा येत नव्हती तिचे नाव आज हजारो पदवी प्रमाणपत्रांवर छापले जाते.

हे सगळे झाले कशामुळे? त्यांचा मुलगा सोपानदेव आणि नात्यातील पितांबर चौधरी यांनी आईच्या तोंडून निघालेली गाणी वेळोवेळी कागदावर उतरवून ठेवली. आईच्या मागे सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्रे यांना दाखवले. अत्र्यांनी त्यांचे मोल ओळखले, पुस्तक काढण्याचा आग्रह धरला आणि प्रस्तावना लिहिली. जी गाणी कागदावर आली तेवढीच आज आपल्या हाती आहेत. जी आली नाहीत ती बांधावरच विरली.

शेतीच्या दृष्टीने या गाण्यांकडे पाहिले तर पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी, मोट, पोळा हे सगळे त्यांत आहे. खानदेशातील जिरायती शेतीची कामे कोणत्या क्रमाने, कोणत्या साधनांनी आणि किती माणसांच्या हातून होत, याची ती एका कष्टकरी स्त्रीने केलेली नोंदच आहे. आमच्या क्रमिक पुस्तकांत पेरणीची खोली सेंटिमीटरमध्ये असते. पण तिफणीमागे कोण चालत होते, हे तेथे लिहिलेले नसते.

मला जे आधी दिसले नाही

या वाड्यात मी प्रथम गेले तेव्हा पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून नुकतीच नोकरीला लागले होते. विद्यार्थ्यांची सहल घेऊन गेले होते. मुले भराभर बघत पुढे गेली आणि मी मागे राहिले. घरची जुनी भांडी आणि अवजारे पाहताना मला माझी आजी आठवली. आणि खरे सांगायचे तर थोडी लाजही वाटली. त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे. पदवीच्या शेवटच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमात आम्ही विद्यार्थी एका खेड्यात मुक्कामाला होतो. प्रत्येक कुटुंबाचा एक तक्ता भरायचा होता. एका घरी संध्याकाळी गेले. घरधनी ओट्यावर बसले होते. त्यांच्या नावापुढे मी ‘शेती’ असे लिहिले. तेवढ्यात त्यांच्या पत्नी डोक्यावर गवताचा भारा आणि हातात खुरपे घेऊन शेतातून आल्या. भारा टाकला, हातपाय धुतले, माझ्यासाठी चहा ठेवला. त्यांच्या नावापुढच्या रकान्यात मी काय लिहिले? ‘घरकाम’. कोणी सांगितले नव्हते. माझ्याच हाताने लिहिले. दिवसभर निंदणी करून आलेली बाई माझ्या तक्त्यात शेतकरी ठरली नाही. असे किती तक्ते माझ्यासारख्यांनी भरले असतील याचा विचार करा.

दुसरे कारण माझ्या घरचे आहे. माझी आजी भरिताच्या वांग्याचे बी राखत असे. असोदे, भादली हा परिसर भरिताच्या वांग्यासाठी प्रसिद्ध आहे हे आपण जाणताच. २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. आमचे गाव तेथून दूर, पण आजीने तिच्या माहेराहून बी आणले होते आणि वर्षानुवर्षे धरले होते. ती बियाण्याची झाडे विहिरीच्या अंगाला, बाकीच्या वांग्यांपासून लांब लावायची. जोमदार, निरोगी झाड बघून त्यावर चिंधी बांधायची. त्या झाडाचे दुसऱ्या-तिसऱ्या तोड्यातले एखादे चांगले फळ कोणालाही तोडू द्यायची नाही. फळ पिवळे पडून पूर्ण पिकले की काढायची, बी धुऊन सावलीत सुकवायची, चुलीची चाळलेली राख मिसळून पुरचुंडी बांधायची आणि उतरंडीच्या गाडग्यात ठेवायची. धान्याचे बी असेल तर एक दाणा दाताखाली धरून सांगायची, ‘‘पोरी, कट्ट वाजलं पाहिजे. नाही वाजलं तर अजून एक ऊन दे.’’

हे सगळे मी पुढे महाविद्यालयात शिकले, पण वेगळ्या शब्दांत. वांग्यात काही प्रमाणात परपरागीभवन होते, म्हणून बियाण्याच्या झाडांमध्ये विलगीकरण अंतर ठेवावे. उत्तम झाडे निवडून त्यांचे बी धरणे याला समूह निवड म्हणतात. बियाण्यातील ओलावा कमी असेल तर उगवणक्षमता टिकते. राखेमुळे किडीच्या अंगावरील मेणासारखा थर खरवडला जातो आणि कीड सुकून मरते. आजीला यातला एकही शब्द माहीत नव्हता, पण कृती सगळ्या माहीत होत्या.

एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी दिवाळीला घरी गेले तेव्हा आजी म्हणाली, ‘‘बस जरा, कोणतं बी कोणाचं ते तुला सांगते.’’ मी म्हणाले, ‘‘परीक्षा झाली की येते, मग सगळं लिहून घेते.’’ परीक्षा झाली, प्रबंध आला आणि चैत्रात आजी गेली. पुढे जुने घर पाडून स्लॅबचे घर बांधले. उतरंड हलली, गाडगी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली गेली. तेथे त्यांनी दोन पावसाळे काढले. मला आठवण झाली तेव्हा तीन पुरचुंड्या सापडल्या. कोणावरही चिठ्ठी नव्हती. आईलाही नक्की सांगता आले नाही. प्रयोगशाळेत नेऊन प्रत्येकीतले शंभर दाणे मोजून उगवणीला लावले. तीनशेपैकी एकही उगवला नाही.

आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो की पिशवीवर खूणचिठ्ठी नसेल तर ते बियाणे घेऊ नये. पैदासकार बियाण्याची चिठ्ठी पिवळी, पायाभूत बियाण्याची पांढरी आणि प्रमाणित बियाण्याची निळी. हे रंग मला तोंडपाठ होते. पण माझ्याच घरातल्या बियाण्याला चिठ्ठी लावायचे मला सुचले नाही. सोपानदेवांनी कागद हाती घेतला आणि मी घेतला नाही, एवढाच काय तो फरक.

संग्रहालय नेमके काय करते?

संग्रहालय म्हणजे जुन्या वस्तूंचा साठा, असा आपला समज असतो. जुनी वस्तू माळ्यावरही असते आणि भंगाराच्या दुकानातही असते. संग्रहालयात तिच्यावर चार संस्कार होतात. पहिला म्हणजे नोंद. वस्तू आत आली की तिला क्रमांक मिळतो आणि नोंदवहीत ती कोठून आली, कोणाची होती, कशासाठी वापरत, कशाची बनली आहे, हे लिहिले जाते. दुसरा म्हणजे जपणूक. ओल, कीड, धूळ आणि कडक ऊन यांपासून तिला सांभाळतात. तिसरा म्हणजे अभ्यास. तशाच दुसऱ्या वस्तूंशी तिची तुलना होते. आणि चौथा म्हणजे मांडणी. लोकांना ती पाहता येते, समजून घेता येते. यातला पहिला संस्कार राहिला तर बाकीचे तीन व्यर्थ जातात. क्रमांक आणि चिठ्ठी नसलेली वस्तू पुढच्या पिढीला मुकी असते.

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय या बाबतीत पाहण्यासारखे आहे. शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यालगत ते आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६ ते १९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा छंद लागला. पुढची अनेक दशके ते गावोगाव हिंडले. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला. त्याच्या स्मरणार्थ संग्रहालयाला नाव दिले. १९६२ साली हा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत.

आपल्या विषयाशी याचा संबंध असा की केळकरांनी केवळ तलवारी आणि सिंहासने गोळा केली नाहीत. दिवे, अडकित्ते, कुंकवाचे करंडे, फण्या, टाच घासण्याच्या वज्री, शेवयांची यंत्रे, मसाल्याचे डबे, स्वयंपाकाची भांडी अशा वस्तू त्यांनी आवर्जून मिळवल्या. राजांचा इतिहास बखरीत सापडतो. बायकांचा इतिहास बखरीत नसतो, तो त्यांच्या हाताळणीतल्या वस्तूंत असतो. मूठ झिजलेली एक पळी पाहिली की ती किती वर्षे, कोणत्या हाताने फिरली असेल याचा अंदाज येतो. हे त्या काळी ओळखणारी माणसे थोडी होती.

भिंती नसलेले संग्रहालय

स्त्रियांचे सगळेच ज्ञान वस्तूंमध्ये नसते. बरेचसे बोलण्यात आणि गाण्यात असते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ या दोघांनी १९८० च्या दशकात जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम हाती घेतले. महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतील सुमारे ३,३०० बायकांनी गायलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या या प्रकल्पात नोंदल्या गेल्या. गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव टिपून ठेवले गेले, हे मला विशेष वाटते. पॉइत्व्हँ २००४ साली गेले आणि राईरकर २०१० साली. त्यांचे काम थांबले नाही. २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेने या ओव्या इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. आपल्या गावची एखादी आजी त्यात गात असण्याचा संभव आहे.

बियाण्याच्या बाबतीतही असे एक उदाहरण आपल्या राज्यात आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे हे गाव आहे. तेथील राहीबाई पोपेरे यांनी भाताचे, वाल-घेवड्यांचे, भाज्यांचे गावरान वाण गोळा करून घरीच बियाणे बँक उभी केली. बाएफ संस्थेचे साहाय्य त्यांना मिळाले. त्या शाळेत गेल्या नाहीत. पण बियाण्यांची नावे, गुण आणि पेरण्याची रीत त्या नीट सांगतात. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. माझ्या मते ही बँकही संग्रहालयच आहे. फरक एवढाच की येथील वस्तू दर हंगामात मातीत जाते आणि नवी होऊन परत येते.

कोणते अवजार संग्रहालयात गेले नाही?

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या वस्तू पाहून आपण लगेच म्हणतो, ‘‘काय ते दिवस होते!’’ बंधूंनो, जाते पाहून असे म्हणायच्या आधी घरातल्या म्हातारीला विचारा. पहाटे चारला उठून घरातल्या दहा-बारा माणसांचे दळण दळायचे आणि मग दिवसभर शेतात राबायचे, हे सुख नव्हते. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांच्या पाठीला पहिल्यांदा विसावा मिळाला. जाते संग्रहालयात गेले हे चांगलेच झाले. त्यावरच्या ओव्या राहाव्यात, दळणाचे कष्ट पुन्हा येऊ नयेत.

म्हणूनच कोणतेही संग्रहालय पाहताना मी विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारते. येथे मांडलेल्या अवजारांपैकी कोणती आज शेतात दिसत नाहीत आणि कोणती अजून दिसतात? मोट गेली, इंजिन आणि विजेचा पंप आला. लाकडी नांगर गेला, ट्रॅक्टर आला. खळ्यावरची पात गेली, मळणी यंत्र आले. आणि खुरपे? खुरपे आजही शेतात आहे. विळा आहे. पाटी आहे. कापूस वेचताना कमरेला बांधलेली ओटी आहे. उकिडवे बसून करायची निंदणी जशीच्या तशी आहे. म्हणजे ज्या कामांत पुरुषांचे हात होते त्यांची अवजारे आधी बदलली आणि ज्या कामांत बायकांचे हात होते त्यांची मागे राहिली.

हा इतिहास नुसता पाहून सोडायचा नाही. उभ्याने चालवता येणारे सायकल कोळपे, दातेरी सुधारित विळा, हातमोजे अशी साधने उपलब्ध आहेत. ट्रॅक्टरच्या कर्जाच्या मानाने त्यांचा खर्च किरकोळ आहे. अवजार खरेदी करायला जाल तेव्हा ते वापरणाऱ्या बाईला बरोबर न्या आणि तिच्या हातात देऊन बघा. खुरपे ज्या दिवशी संग्रहालयात जाईल, त्या दिवशी महिला किसान दिवस खऱ्या अर्थाने साजरा झाला असे मी समजेन.

नोंद आणि हक्क

कोणी म्हणेल, नोंदीने काय होते? शेतीत नोंदीवाचून हक्क सिद्ध होत नाही, हे सातबाऱ्यामुळे आपल्याला चांगले कळते. १९८६ साली चांदवड येथे शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले. त्यानंतरच्या काळात शरद जोशी यांच्या पुढाकाराने ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम निघाली आणि अनेक गावांतील शेतकऱ्यांनी स्वखुशीने जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करून दिला. २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्ती कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय कागदपत्रांत लिहिताना बालकाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव अशी पद्धत महाराष्ट्र शासनाने ठरवली.

बियाण्याच्या बाबतीत वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ आहे. शेतकऱ्याने जपलेल्या वाणाची नोंदणी या कायद्याखाली करता येते आणि शेतकऱ्यांच्या वाणाला नोंदणी शुल्क पडत नाही. पण अर्जात वाणाचे नाव, गुणधर्म आणि माहिती द्यावी लागते, बियाणे सादर करावे लागते. माझ्या आजीच्या वांग्याबद्दल आज मी यातले काहीच देऊ शकत नाही. आपल्या घरी अजून वेळ गेलेली नाही.

आपण काय करावे?

यासाठी मोठी इमारत लागत नाही. शाळेची एक जादा खोली, ग्रामपंचायतीतील एक कपाट किंवा आपल्या घरातील एक कोनाडा पुरतो. पुढील गोष्टी या हंगामातच सुरू करता येतील.

१. नोंदवही : दोनशे पानी एक वही घ्या. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. वस्तूचे आपल्या गावच्या बोलीतील नाव, उपयोग, वापरणाऱ्या बाईचे नाव, तिचे माहेर, अंदाजे साल आणि वस्तू कोणी दिली, हे लिहा. तोच क्रमांक चिठ्ठीवर लिहून ती दोऱ्याने वस्तूला बांधा. वस्तूवर रंगाने लिहू नका.

२. जपणूक : लाकडी वस्तू भिंतीपासून थोडी दूर, फळीवर ठेवा, म्हणजे वाळवी आणि ओल लागणार नाही. वॉर्निश लावू नका. लोखंडावर तेलाचा पातळ हात फिरवा. पितळ-तांबे चिंचेने वारंवार घासू नका, त्यामुळे नक्षी झिजते. सुपे, टोपल्या, कणग्या कोरड्या ठेवा. लुगडी आणि गोधड्या दरवेळी त्याच घडीवर दुमडू नका, घडीवर कापड विरते.

३. बियाणे : घरात गावरान बी असेल तर प्रत्येक पुडीवर पिकाचे नाव, वाणाचे घरगुती नाव, राखणाऱ्या बाईचे नाव आणि हंगाम लिहा. बी चांगले सुकवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा. दर एक-दोन वर्षांनी थोड्या क्षेत्रावर लावून बी नवे करा. आणि एकाच घरात ठेवू नका. निदान दोन शेजारणींना द्या. एका घरचे गेले तरी दुसऱ्या घरी राहील.

४. बोललेले शब्द : घरातील मोबाईल फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करता येतो. आजीला, सासूबाईंना, चुलतीला सवडीने विचारा. बी कसे निवडत होता? साठवण कशात करत होता? दुष्काळात काय खाल्ले? पहिली मजुरी किती मिळाली? विहीर खोदताना कोण कोण होते? कोणते पीक आता दिसत नाही? घाई करू नका, मध्ये तोडू नका. त्यांची परवानगी मात्र आधी घ्या. घरच्या काही गोष्टी त्यांना बाहेर जाऊ द्यायच्या नसतील तर त्या जाऊ देऊ नका.

५. नाव : अमक्याची आई, तमक्याची सून असे लिहू नका. तिचे स्वतःचे नाव लिहा. माहेरचे आणि सासरचे अशी दोन नावे असतील तर दोन्ही लिहा.

६. मांडणी : ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती असते. सावित्रीबाई सातारा जिल्ह्यातील नायगावच्या शेतकरी कुटुंबातल्या. त्या दिवशी किंवा १५ ऑक्टोबरला गावच्या शाळेत या वस्तू, बियाणे आणि नोंदी मांडा. वस्तूची माहिती सांगण्याचे काम शिक्षकांनी किंवा आमच्यासारख्या व्याख्यात्यांनी करू नये. ते वापरणाऱ्या बाईने करावे.

आणखी एक विनंती. जुन्या वस्तू विकत घेणारे लोक हल्ली खेड्यापाड्यांत फिरतात. चार पैशांसाठी पितळेचा हंडा किंवा सागवानी पेटी देऊन टाकण्यापूर्वी निदान तिचा फोटो काढा आणि वहीत नोंद करा. वस्तू गेली तरी माहिती राहील.

बंधू-भगिनींनो, चौधरी वाड्यात जे आहे ते आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी होते. तशीच भांडी होती, तशीच अवजारे होती आणि तितकीच शहाणी बाई होती. त्या घरात एक मुलगा कागद-पेन्सिल घेऊन आईजवळ बसला, म्हणून ते संग्रहालय झाले. आपण येथून घरी जाल तेव्हा रात्रीची जेवणे झाल्यावर टीव्ही थोडा वेळ बंद ठेवा, वही काढा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर बाईजवळ बसा. ‘परीक्षा झाल्यावर’, ‘सुगी झाल्यावर’ असे म्हणू नका. मी तसे म्हटले होते.